समाधानी वकील आणि न सापडलेले कागद : स्टेअर्स शोधप्रणालीच्या मूल्यमापनाचा प्रकरण अभ्यास

मार्च १९८५ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एका मोठ्या खटल्यासाठी उभारलेल्या संगणकीय दस्तऐवज-संग्रहातून वकिलांना हवे असलेले कागद प्रत्यक्षात किती सापडतात, एवढाच त्याचा विषय होता. वकिलांची समजूत अशी होती की, कामाच्या कागदांपैकी निदान पाऊण हिस्सा आपल्या हाती आला आहे. मोजणी झाली तेव्हा तो सरासरीने पाचवा हिस्सा निघाला. माहिती-शोधाच्या अभ्यासात ज्या मोजक्या निबंधांवर दशकानुदशके वाद होत राहिला, त्यांत याची गणना होते. त्यातला २० टक्के हा आकडा पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतो, पण तो कसा मिळवला आणि वकिलांना स्वतःहून तो का कळू शकला नसता, याची चर्चा त्या मानाने कमी होते. प्रस्तुत लेखात भर त्या भागावर आहे.

दोन्ही संशोधकांपैकी मॅरन यांची पार्श्वभूमी येथे सांगितली पाहिजे, कारण हा निबंध यंत्राविषयी साशंक असलेल्या कुणा परंपरावाद्याने लिहिला असावा, असा समज सहज होऊ शकतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १९६० मध्ये मॅरन यांनी कून्झ यांच्यासह असा विचार मांडला होता की, एखादा दस्तऐवज वाचकाच्या गरजेशी संबंधित आहे की नाही याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे न देता संभाव्यतेच्या भाषेत द्यावे आणि निकाल त्या क्रमाने लावावेत. पुढच्याच वर्षी त्यांनी मजकुरात कोणते शब्द आले आहेत यावरून त्याचा विषय संभाव्यतेने ठरवण्याची पद्धत दाखवली. आज ‘नाइव्ह बेझ’ या नावाने जी वर्गीकरण पद्धत संगणकशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवली जाते, तिच्या सुरुवातीच्या उपयोगांमध्ये या कामाचा समावेश होतो. मजकुराचे विश्लेषण यंत्राने करावे या मताचे हे गृहस्थ होते. ब्लेअर यांनीही १९८० मध्येच शोधकर्त्याच्या वागण्यावर लिहिले होते आणि एका मर्यादेपलीकडे माणूस निकालांची यादी वाचायलाच तयार नसतो, हे निरीक्षण नोंदवले होते.

संग्रह आणि त्याचा वापर

ज्या खटल्याचा हा संग्रह होता, त्याचे नाव निबंधात दिलेले नाही. एका मोठ्या कंपनीच्या बचाव पक्षासाठी तो तयार केला होता. त्यात सुमारे ४०,००० दस्तऐवज होते आणि छापील पानांच्या हिशेबात ती जवळपास साडेतीन लाख पाने भरत होती. पत्रे, टिपणे, बैठकांची इतिवृत्ते, तांत्रिक अहवाल असा सगळा संमिश्र मजकूर, आणि तो निरनिराळ्या हुद्द्यांच्या माणसांनी निरनिराळ्या वेळी लिहिलेला. शोधासाठी आयबीएम कंपनीची ‘स्टेअर्स’ ही प्रणाली वापरली जात होती. दस्तऐवजातला प्रत्येक शब्द तिच्या निर्देशांकात, म्हणजे शब्दसूचीत, असे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या बुलियन जोडशब्दांनी क्वेरी, म्हणजे शोधाचे सूत्र, बांधता येई. दोन शब्द शेजारी-शेजारी किंवा एकाच परिच्छेदात असावेत अशी अटही घालता येई. त्या काळाच्या मानाने प्रणाली चांगली होती, आणि तिच्यातल्या एखाद्या दोषामुळे हा निकाल लागला, असे कुणीच म्हटलेले नाही.

संपूर्ण मजकुराचा शोध त्या वेळी इतका आकर्षक का वाटत होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यापूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक कागद कुणीतरी वाचून त्याला विषयशब्द द्यावे लागत, आणि हे काम महाग, संथ व माणसागणिक बदलणारे होते. सगळा मजकूरच संगणकात गेला तर ही पायरी गळून पडते. जो शब्द कागदात आहे तो शोधता येईल, तर मग आणखी काय हवे, असा सरळ हिशेब होता.

मूल्यमापनाची रचना खटल्याच्या खऱ्या कामाला चिकटून केली होती. बचाव पक्षाच्या दोन प्रमुख वकिलांनी एकूण ५१ माहितीच्या मागण्या लिहून दिल्या. प्रत्यक्ष शोध दोन पॅरालीगल, म्हणजे वकिलांचे प्रशिक्षित सहायक, करत; या दोघांना खटल्याचीही माहिती होती आणि प्रणालीचीही. मागणी आली की ते क्वेरी बांधत, मिळालेले कागद वकिलांकडे जात, वकील ते वाचून मागणी अधिक स्पष्ट करत, आणि पुन्हा शोध होई. ही ये-जा वकिलाचे समाधान होईपर्यंत चाले. समाधान म्हणजे काय, तेही आधीच ठरले होते : बचावासाठी कामाच्या कागदांपैकी किमान ७५ टक्के मिळालेच पाहिजेत अशी वकिलांची स्वतःची अट होती, आणि तेवढे मिळाले असे वाटल्यावर ते तसे लेखी कळवत. प्रत्येक कागदाला ‘अत्यावश्यक’, ‘समाधानकारक’, ‘किरकोळ उपयोगाचा’ किंवा ‘असंबद्ध’ अशी चारपैकी एक प्रतही तेच देत.

लेखी कळवण्याची ही तरतूद किरकोळ वाटली तरी माझ्या मते या अभ्यासाचा कणा तीच आहे. शोध मध्येच सोडून दिला, वेळ मिळाला नाही, पॅरालीगलने कंटाळा केला, असली कोणतीही पळवाट तिने उरू दिली नाही. जे आकडे निघाले ते अर्धवट शोधाचे नव्हते. जबाबदार माणसाने ‘आता पुरे’ असे सही करून सांगितल्यानंतरचे होते.

न पाहिलेले मोजायचे कसे

शोधाची गुणवत्ता मोजण्यासाठी दोन मापे रूढ आहेत. मिळालेल्या कागदांपैकी कामाचे किती, या प्रमाणाला प्रिसिजन म्हणतात. आणि संग्रहात असलेल्या कामाच्या सर्व कागदांपैकी मिळाले किती, या प्रमाणाला रिकॉल. प्रिसिजन काढायला फार काही लागत नाही : समोरचा गठ्ठा वाचला की झाले. रिकॉलसाठी मात्र जो गठ्ठा समोर आलाच नाही त्यात काय आहे हे माहीत असावे लागते, आणि ४०,००० कागदांच्या संग्रहात ५१ मागण्यांसाठी प्रत्येक कागद वाचून घेणे कुणालाही परवडणारे नव्हते.

साधा उपाय म्हणजे न मिळालेल्या कागदांतून सरसकट यादृच्छिक नमुना काढणे. पण बहुतेक मागण्यांच्या बाबतीत कामाच्या कागदांचे प्रमाण संपूर्ण संग्रहाच्या २ टक्क्यांहूनही कमी होते. इतक्या विरळ गोष्टीचा भरवशाचा अंदाज करायचा तर नमुना अवाढव्य घ्यावा लागला असता, आणि तो वाचायचा कुणी? वकिलांनीच, कारण कागद कामाचा आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता. त्यामुळे संशोधकांनी निराळी वाट काढली. मूळ क्वेरीतले शब्द बदलून, एखादी अट काढून टाकून, पर्यायी शब्द घालून त्यांनी न मिळालेल्या कागदांतले असे भाग वेगळे केले की जिथे कामाचे कागद दाटीने असण्याचा संभव होता, आणि त्या भागांमधून यादृच्छिक नमुने काढले. हे नमुने वकिलांकडे गेले, पण हे नमुने आहेत हे त्यांना सांगितले नव्हते. नेहमीच्या शोधातून आलेल्या कागदांसारखेच ते त्यांच्या टेबलावर आले. नमुन्यात कामाचे कागद किती निघाले यावरून त्या भागात एकूण किती असावेत याचा अंदाज बांधला गेला.

या पद्धतीतली एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून सहसा निसटते. नमुने ज्या भागांतून काढले नाहीत, तिथल्या कामाच्या कागदांची संख्या हिशेबात शून्य धरली गेली. म्हणजे रिकॉलच्या अपूर्णांकातला छेद (कामाच्या एकूण कागदांची संख्या), चुकला असला तर, खऱ्यापेक्षा लहान होता. आणि म्हणून निघालेला रिकॉल ही कमाल मर्यादा आहे. खरा आकडा त्याहून कमी असू शकतो, जास्त असण्याला फारसा वाव नाही. ज्या निबंधावर अतिशयोक्तीचा आरोप पुढे झाला, त्याने मोजणीत संशयाचा फायदा प्रणालीलाच दिला होता, हे नमूद केलेच पाहिजे.

या सगळ्याला सहा महिने लागले. दोन संशोधक आणि सहा साहाय्यक त्यासाठी राबले, आणि सर्व प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष खर्च धरून तो आकडा जवळपास पाच लाख डॉलरवर गेला. अशा प्रकारचे मूल्यमापन वारंवार का होत नाही, याचे उत्तर इथेच मिळते.

निकाल

सरासरी प्रिसिजन ७९ टक्के निघाले, सरासरी रिकॉल २० टक्के. समजण्यासाठी गोल आकडे घेऊ : एखाद्या मागणीवर वकिलाला १०० कागद मिळाले, तर त्यांतले ७९ कामाचे असत, पण संग्रहात कामाचे एकूण कागद ३९५ च्या घरात असत आणि उरलेले ३१६ त्याने कधी पाहिलेलेच नसत. मागणीगणिक फरकही मोठा होता. सर्वांत वाईट बाबतीत रिकॉल २.८ टक्के होता, सर्वांत चांगल्या बाबतीत ७८.७ टक्के. फक्त ‘अत्यावश्यक’ प्रतीचे कागद धरले तर सरासरी ४८.२ टक्क्यांपर्यंत चढते, आणि या आकड्याकडे काही जण दिलासा म्हणून बोट दाखवतात. परंतु खटल्याच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरलेल्या कागदांपैकी निम्म्याहून अधिक हाती न लागणे ही दिलाशाची बाब कशी, हे मला तरी समजलेले नाही.

दोष पॅरालीगलांकडे जाऊ शकतो, म्हणून तेही तपासले गेले. काही मागण्यांसाठी वकिलांनी स्वतः टर्मिनलवर बसून शोध घेतला; लक्षणीय सुधारणा झाली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वकील इतके चुकले कसे? ते निष्काळजी नव्हते, आणि त्यांच्यासमोर आलेला पुरावा त्यांनी बारकाईने वाचला होता. अडचण अशी की, तो पुरावा केवळ प्रिसिजनचा होता. समोर आलेल्या दर पाच कागदांतले जवळजवळ चार उपयोगी निघत आहेत, ही प्रणाली नीट चालत असल्याची खूण वाटणे स्वाभाविक आहे. न आलेल्या कागदांची कोणतीही खूण पडद्यावर उमटत नाही. ते जितके जास्त राहून जातात तितकी वाचायची यादी आटोपशीर होते आणि समाधान उलट वाढते. नेहमीच्या वापरातून ही चूक कधीच उघडी पडली नसती. कुणीतरी मुद्दाम बाहेर राहिलेल्या गठ्ठ्यात हात घालावा लागला.

एकाच गोष्टीची पाच नावे

निबंधाचा सर्वांत वाचनीय भाग म्हणजे रिकॉल का घसरला याची उदाहरणे. खटल्यात एका तांत्रिक यंत्रणेला महत्त्व होते आणि तिचे नाव वकिलांच्या बोलण्यात ‘ट्रॅप करेक्शन’ असे होते. त्या नावाने शोध झाला, कागद मिळाले, वकील संतुष्ट झाले. संशोधकांनी बाहेर राहिलेले कागद चाळले तेव्हा त्यांना याच यंत्रणेची चर्चा ‘वायर वॉर्प’ या नावाने झालेली आढळली. त्या धाग्याने पुढे गेल्यावर आणखी काही कागदांत ती ‘शंट करेक्शन सिस्टिम’ निघाली. मग यंत्रणेचा शोध लावणाऱ्याचे आडनाव सापडले. त्याने स्वतः लिहिलेले कागद काढले, तर तो तिला ‘रोमन सर्कल मेथड’ म्हणत होता. हे नाव घालून शोधल्यावर आणखी कागद आले. त्यानंतर असे कळले की, यंत्रणेची चाचणी दुसऱ्या एका शहरात झाली होती आणि त्या चाचणीच्या सगळ्या कागदांमध्ये तिचा उल्लेख ‘एअर ट्रक’ असा होता. इथवर येण्यात टर्मिनलवरचे चाळीस तासांहून अधिक काम खर्ची पडले होते. शोध तिथे थांबवला तो वेळ संपला म्हणून, नावे संपली म्हणून नव्हे, असे संशोधकांनी स्पष्टच लिहिले आहे.

या मालिकेत लक्षात घेण्याजोगे हे की, मधल्या कोणत्याही नावावरून पुढचे नाव सुचत नाही. ‘वायर वॉर्प’ आणि ‘एअर ट्रक’ यांना जोडणारा दुवा भाषेत नाही. तो एका कंपनीच्या, एका माणसाच्या आणि एका शहरातल्या चाचणीच्या इतिहासात आहे. कोणत्याही शब्दकोशात किंवा समानार्थी शब्दांच्या यादीत तो मिळाला नसता.

दुसरे उदाहरण ज्या अपघातावरून खटला उभा राहिला त्याचे. क्वेरीत अर्थातच ‘अपघात’ हा शब्द होता. पण कंपनीच्या आतल्या लिखाणात तो टाळलेला असे. ज्यांच्यावर ठपका येण्याची शक्यता होती अशी माणसे ‘दुर्दैवी परिस्थिती’ किंवा ‘अडचण’ असे मोघम लिहीत. एका पत्रात ‘आपल्या मागील पत्राचा विषय’ एवढाच उल्लेख होता. एका बैठकीच्या इतिवृत्ताची सुरुवातच अशा आशयाच्या वाक्याने होती की, आपण इथे का जमलो आहोत हे सर्वांना माहीत आहेच. काही तांत्रिक टिपणांत अपघाताचे कारण तपशिलाने दिले होते, पण अपघात झाला असा शब्दही नव्हता. कचेरीतले लिखाण ज्याने जवळून पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. ‘विषयांकित प्रकरणी’ आणि ‘उपरोक्त बाबतीत’ एवढ्यावर अख्खी फाईल चालवणारी आपल्याकडची पत्रे याच जातीची असतात. बचाव पक्षाला सर्वांत जास्त गरज ज्या कागदांची होती, नेमके तेच कागद सर्वांत आडवळणाने लिहिलेले होते. टंकलेखनातल्या चुकांमुळे निसटलेले कागदही होतेच.

तिसरे कारण भाषेचे नसून हिशेबाचे आहे. एका साध्या शब्दावर ४०,००० कागदांमधून हजारो निकाल येऊ शकतात, आणि एवढे वाचायला कुणी धजत नाही. ब्लेअर यांनी पूर्वी नोंदवलेली मर्यादा ती हीच. मग शोधणारा ‘आणि’ लावून आणखी एक शब्द घालतो, यादी अजून लांब वाटली तर आणखी एक. प्रत्येक नवा शब्द यादी आवाक्यात आणतो, पण त्याची किंमत रिकॉलमधून वसूल होते. समजा, कामाच्या कागदांपैकी ६० टक्क्यांमध्ये पहिला शब्द येतो, दुसराही ६० टक्क्यांमध्ये येतो आणि तिसराही, व त्यांचे येणे एकमेकांवर अवलंबून नाही. तिन्ही एकत्र मागितले की फक्त २१.६ टक्के कागद उरतात. चौथा शब्द जोडला की सुमारे १३ टक्के. प्रत्येक शब्द आपापल्या जागी समंजसपणे निवडलेला असूनही परिणाम हा असा. संग्रह जितका मोठा, तितके अधिक शब्द जोडावे लागतात. त्यामुळे छोट्या प्रायोगिक संग्रहांवर मिळालेले उत्साहवर्धक आकडे मोठ्या संग्रहांना लागू पडत नाहीत, असा ब्लेअर आणि मॅरन यांचा दावा होता.

सॉल्टन यांचा आक्षेप

जुलै १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात कॉर्नेल विद्यापीठाचे जेरार्ड सॉल्टन यांचे उत्तर आले. सॉल्टन म्हणजे ‘स्मार्ट’ या प्रायोगिक शोधप्रणालीचे जनक; दस्तऐवज आणि क्वेरी दोन्हींना शब्दांच्या भारांनी (महत्त्वाच्या आकड्यांनी) बनलेले सदिश, म्हणजे आकड्यांच्या रांगा, मानून त्यांच्यातल्या जवळिकीवरून निकालांचा क्रम लावण्याची पद्धत त्यांच्या गटाने रूढ केली. त्यांचा मुख्य मुद्दा तुलनेचा होता. प्रिसिजन आणि रिकॉल यांत देवाणघेवाण असते. एक वाढवू गेले की दुसरे घटते. ७९ टक्के इतके चढे प्रिसिजन राखले तर रिकॉल २० टक्क्यांच्या आसपास असणे हे पूर्वीच्या प्रयोगांशी सुसंगतच आहे. हाताने विषयशब्द दिलेला संग्रह याहून सरस ठरला असता, असे सूचित करायचे असेल तर त्याच संग्रहावर ती पद्धत वापरून दाखवायला हवी होती, आणि ती दाखवलेली नाही. इंग्लंडमध्ये क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी घेतलेल्या चाचण्यांतून तर, मजकुरातलेच शब्द वापरणारी साधी निर्देशांकन-पद्धत तज्ज्ञांनी तयार केलेल्या काटेकोर पद्धतींच्या तोडीची ठरते, असे दिसले होते. शिवाय बुलियन शोधापलीकडे शब्दांना भार देणे, निकाल क्रमाने लावणे, वाचकाने पसंत केलेल्या कागदांवरून क्वेरी सुधारणे असे मार्ग उपलब्ध होते. शब्द जितक्या कमी दस्तऐवजांत येतो तितका त्याला जास्त भार द्यावा, हा कॅरन स्पार्क जोन्स यांचा १९७२ मधला विचार तोवर चांगला रुळलाही होता.

तुलनेबाबतचा सॉल्टन यांचा आक्षेप मला मान्य करावासा वाटतो. हाताने केलेल्या विषय-निर्देशांकनाकडे ब्लेअर आणि मॅरन यांचा जो कल निबंधात जाणवतो, त्याला त्यांच्याच आकड्यांचा आधार नाही. विषयशब्द देणारी व्यक्तीही माणूसच असते, आणि ‘एअर ट्रक’ म्हणजे ‘ट्रॅप करेक्शन’ हे तिला तरी कुठून कळले असते? पण सॉल्टन यांच्या उत्तराने वकिलांच्या गैरसमजाचा प्रश्न सुटत नाही. २० टक्के हा आकडा चांगला की वाईट यावर वाद घालता येईल. ७५ टक्के मिळाले असे मानणाऱ्यांना प्रत्यक्षात २० मिळत होते आणि हे त्यांना कळण्याचे साधन नव्हते, यावर वाद घालता येत नाही. निकाल क्रमाने लावणारी प्रणाली यादीच्या वरच्या भागात चांगले कागद आणते. यादी कुठे सोडावी आणि सोडली त्या ठिकाणी किती मागे राहिले, हे ती आपण होऊन सांगत नाही.

पुढे काय झाले

नावांच्या प्रश्नाला १९८७ मध्ये प्रयोगाचे बळ मिळाले. फर्नास, लँडावर, गोमेझ आणि ड्यूमे या चौघांनी दाखवले की, एकाच वस्तूसाठी दोन माणसांनी स्वतःहून तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. शब्दांच्या सहवासावरून त्यांचा छुपा संबंध गणिताने काढणारी ‘लेटंट सिमँटिक’ निर्देशांकन-पद्धत १९९० मध्ये मांडली गेली, ती याच कामाच्या ओघात. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने ‘ट्रेक’ ही मूल्यमापन-परिषद सुरू केली आणि मोठ्या संग्रहांवर सर्वांनी एकाच मापाने चाचणी घ्यायची सोय झाली.

ब्लेअर आणि मॅरन यांच्या प्रकरणाशी थेट नाते आहे ते ट्रेकच्या २००६ मध्ये सुरू झालेल्या कायदेविषयक विभागाचे. तंबाखू कंपन्यांच्या खटल्यांतून सार्वजनिक झालेले सुमारे ७० लाख दस्तऐवज त्यासाठी घेतले होते. काल्पनिक दावे तयार करून दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या भूमिकेतून वाटाघाटीने बुलियन क्वेरी ठरवल्या गेल्या, म्हणजे न्यायालयीन व्यवहारात होते तसेच. २००७ मध्ये या क्वेरींच्या हाती लागलेल्या कामाच्या दस्तऐवजांचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. दोन दशकांनंतर, दीडशेपटींहून मोठ्या आणि पूर्णपणे वेगळ्या संग्रहावर, १९८५ च्या इतक्या जवळचा आकडा येणे हा काही अंशी योगायोग म्हणता येईल, कारण आदल्या वर्षी तो पुष्कळ वर होता. तरी वाटाघाटीने ठरवलेल्या शब्दांवर भिस्त ठेवण्याची सवय त्याने चांगलीच हादरली.

फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील दा सिल्व्हा मूर खटल्यात मॅजिस्ट्रेट जज्ज अँड्र्यू पेक यांनी, वकिलांनी तपासलेल्या थोड्या कागदांवरून उरलेल्यांचे वर्गीकरण संगणकाने करण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. आदेशात ब्लेअर आणि मॅरन यांच्या २० टक्क्यांचा दाखला होता. त्या खटल्यातल्या कार्यपद्धतीचा एक तपशील मात्र मला त्या दाखल्याहून महत्त्वाचा वाटतो. सुमारे ३० लाख ईमेलमधून प्रणालीने बाद केलेल्यांचा २,३९९ दस्तऐवजांचा यादृच्छिक नमुना काढून तो माणसांनी वाचावा, अशी तरतूद शेवटच्या पायरीवर होती. ९५ टक्के विश्वासार्हता आणि दोन्ही बाजूंना २ टक्के फरक या गणिताने तो आकडा आला होता. १९८५ मध्ये संशोधकांनी लाखो डॉलर खर्चून जे वकिलांच्या नकळत केले, ते इथे उघडपणे कार्यपद्धतीचाच भाग झाले. अर्थात विरळ कागदांची जुनी अडचण याही नमुन्याला आहेच : कामाचे कागद एका टक्क्याहून कमी असतील, तर दोन टक्के फरकाची मुभा देणारा नमुना त्यांच्याविषयी फारसे काही सांगू शकत नाही.

मराठी मजकुरापुरते

भारतीय भाषांसाठी अशी समान मोजपट्टी २००८ मध्ये ‘फायर’ या परिषदेच्या रूपाने आली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील ज्यांनी यात पुढाकार घेतला त्यांपैकी मंदार मित्र यांनी कॉर्नेलमधूनच डॉक्टरेट घेतली होती. पहिल्या वर्षीच्या संग्रहांत बंगाली आणि हिंदीसोबत मराठीही होती. ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’ यांतल्या २००४ ते २००७ या काळातल्या सुमारे ९९,००० बातम्या त्यात घेतल्या होत्या. आकाराने हा संग्रह ब्लेअर आणि मॅरन यांच्या संग्रहाच्या अडीचपट भरतो.

मराठीत रिकॉल घसरण्याची कारणे इंग्रजीपेक्षा आधीच्या पायरीपासूनच सुरू होतात. ‘अपघात’ शोधणाऱ्या माणसाला ‘अपघाताच्या’, ‘अपघातातील’, ‘अपघातग्रस्तांना’ हेही हवे असते, पण अक्षरश: जुळणी करणाऱ्या प्रणालीला ही निराळी नावे आहेत. प्रत्यय व शब्दयोगी अव्यये काढून मूळ अंग शोधणारे स्टेमर यासाठीच तयार झाले, आणि मराठीत त्यांचा फायदा इंग्रजीपेक्षा अधिक जाणवतो. त्याच्याही खाली अक्षरांच्या संकेतांची पातळी आहे. ‘करणाऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाला ते दोन शब्द आहेत, आणि कळफलक बदलला की संकेत बदलू शकतो. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांमध्ये टाइप केलेले जुने मराठी दस्तऐवज तर छापल्यावर सुवाच्य असतात, परंतु शोधासाठी जवळपास नसल्यात जमा, कारण त्यांच्या पोटात देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचे संकेत असतात. या दोन पातळ्यांवरच्या अडचणी यांत्रिक आहेत आणि रूपांतरक व नियमांनी त्या पुष्कळशा सुटतात. ‘दुर्दैवी परिस्थिती’ लिहून अपघात टाळणारा कागद मात्र स्टेमरने सापडत नाही. शब्दांऐवजी अर्थाच्या जवळिकीवर चालणाऱ्या आजच्या प्रणाली असे काही कागद वर आणतात. किती आणतात, हे त्या-त्या संग्रहावर मोजल्याशिवाय ठरत नाही.

आणि मोजताना वापरायच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. ट्रेकप्रमाणेच फायरमध्येही सहभागी प्रणालींनी वरच्या क्रमावर आणलेले दस्तऐवज एकत्र करून तेवढेच परीक्षकांकडून तपासले जातात, आणि उरलेले न तपासता असंबद्ध धरले जातात. प्रणाली एकमेकींपेक्षा सरस की निरस हे ठरवायला एवढे पुरते, आणि या संग्रहांचा मुख्य हेतू तोच आहे. पण सर्वच प्रणालींना चुकवून गेलेली बातमी या हिशेबाच्या छेदात येतच नाही. त्यामुळे फायरच्या मराठी संग्रहावर काढलेला रिकॉल म्हणजे ज्ञात असलेल्या कामाच्या बातम्यांपैकी मिळालेल्या बातम्यांचे प्रमाण होय. एखादे संग्रहालय किंवा वकिलांची कचेरी आपल्याकडच्या मराठी कागदांसाठी हाच आकडा गृहीत धरणार असेल, तर बाद झालेल्या गठ्ठ्यातून निराळा नमुना काढून तो विषय जाणणाऱ्या माणसाकडून, त्याला नमुना असल्याचे न सांगता, वाचून घ्यावा लागेल.